अंदाज आणि माप : एका पान्याचा इतिहास

रस्त्याच्या कडेला मोटार थांबते, पंक्चर झालेले चाक उतरते, स्टेपनी चढते आणि मग चार-पाच नट आवळण्याचे काम उरते. आवळणारा पाना हाताने ओढतो. तेवढ्याने समाधान झाले नाही, तर पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा राहतो. नट बसला अशी त्याची खात्री पटते आणि मोटार मार्गस्थ होते. माणसांनी भरलेली ती गाडी ज्या वेगाने पुढे धावणार असते, त्या वेगाची सारी जोखीम त्या चार-पाच नटांवर असते. परंतु ते किती आवळले, असे कोणी विचारलेच, तर ‘चांगले घट्ट’ यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाही. हे ‘चांगले घट्ट’ म्हणजे नेमके किती? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. मात्र त्याचे उत्तर अंकांत देणारे साधन कारागिराच्या हाती येण्यास विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडावे लागले. त्या साधनाचे नाव टॉर्क रेंच. पिळाचे माप सांगणारा पाना, असे त्याचे वर्णन मराठीत करता येईल.

मळसूत्र ही मानवाची फार जुनी युक्ती आहे. पाणी वर चढवणाऱ्या मळसूत्राशी आर्किमिडीजचे नाव परंपरेने जोडलेले आहे. तेल आणि द्राक्षरस गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मळसूत्री दाबयंत्रांचे वर्णन अलेक्झांड्रियाच्या हीरोने केले आहे. पुढे धातूचे नट-बोल्ट आले. पण कित्येक शतके प्रत्येक बोल्टचे आटे हाताने पाडले जात. त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्यास बसेल, याचा भरवसा नसे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने आटे अचूक पाडणारे लेथ यंत्र सिद्ध केले, आणि या अव्यवस्थेला पहिला पायबंद बसला. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये इंग्लंडमधील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आट्यांचे एकच प्रमाण असावे, असा प्रस्ताव मांडला. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन सुचवला आणि अमेरिकेने तो स्वीकारला. या दोन प्रमाणांतला भेद दुसऱ्या महायुद्धात फार जाचक ठरला. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्र येऊन समाईक प्रमाण मान्य केले ते १९४८ मध्ये.

अशा रीतीने बोल्टचा व्यास ठरला, आट्यांचा कोन ठरला, दोन आट्यांमधले अंतर ठरले. पण तो बोल्ट किती आवळावा, हे मात्र आवळणाऱ्याच्या मनगटावरच सोपवलेले राहिले. जुन्या कारागिरीने एवढीच तजवीज केली होती की, लहान नटाचा पाना आखूड आणि मोठ्या नटाचा पाना लांब घडवला जाई. लहान नटावर भलताच जोर पडू नये, हा त्यामागील हेतू. पान्याची लांबी हेच त्या काळचे मुके माप होते. ज्याने त्या पान्याला नळी जोडून दांडा लांबवला, त्याने नकळत ते मापही मोडून टाकले.

आवळल्याने नेमके काय साधते, हे समजल्याखेरीज या मापाचे महत्त्व कळत नाही. बोल्ट हा खिळ्यासारखा नुसता अडकून राहत नाही. नट फिरवत गेले की बोल्ट अगदी सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो. पोलाद डोळ्यांना ताठर दिसले, तरी ते स्प्रिंगप्रमाणे ताणते आणि पूर्वस्थितीला येऊ पाहते. ताण आणि बल यांचे हे प्रमाणबद्ध नाते रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केले होते. ताणलेला बोल्ट दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळेच जोड टिकतो. मोटारीचे चाक ज्या तबकडीवर बसते, तिच्याशी ते घट्ट दाबलेले असते. त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाकाला जागेवर धरून ठेवते. दाब कमी पडला, तर चाक हालू लागते, नट हळूहळू सुटू लागतो किंवा बोल्ट वाकून-वाकून थकतो आणि तुटतो. दाब अती झाला, तर बोल्ट आपल्या मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि पुन्हा पूर्वस्थितीला येत नाही. आटे जातात ते अशा वेळी. सैल नट आणि अती आवळलेला नट यांचा शेवट पुष्कळदा सारखाच होतो.

या दाबाचे परिमाण ऐकून नवल वाटेल. १२ मिलिमीटर व्यासाचा कोरडा बोल्ट १०० न्यूटन-मीटर इतका पीळ देऊन आवळला, तर अभियंत्यांच्या नेहमीच्या ठोकताळ्याप्रमाणे त्यात सुमारे चार टन वजनाइतका ताण निर्माण होतो. एकट्या नटाने निर्माण केलेला हा दाब साऱ्या लहान मोटारीच्या वजनाच्या कित्येक पट असतो. हा १०० न्यूटन-मीटर पीळ देण्यासाठी अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी सुमारे २० किलो वजनाइतका जोर पुरतो. आता सत्तर किलो वजनाचा माणूस पान्यावर ४० सेंटिमीटर अंतरावर पाय देऊन उभा राहिला, तर तो पीळ २७० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. पायाने दिलेले आश्वासन गरजेच्या जवळजवळ पावणेतीन पट असते.

या पिळाला शास्त्रात स्वतंत्र नाव मिळण्यासही बराच काळ जावा लागला. तरफेचा नियम प्राचीनांना ठाऊक होता. पण ‘टॉर्क’ हा शब्द यंत्रशास्त्रात सुचवला गेला तो १८८४ मध्ये. लॉर्ड केल्विन यांचे बंधू, अभियंते जेम्स थॉमसन यांनी तो पिळणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून घेतला. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्यास आघूर्ण असा शब्द आहे. परंतु दोरीला पीळ देणाऱ्या आणि सुताला पीळ भरणाऱ्या भाषेला ही कल्पना मुळीच परकी नाही.

नाव मिळाल्यानंतरही मापाचे साधन लगेच आले नाही. ते आले गरजेपोटी, आणि ही गरज मोटारीच्याच काय, कोणत्याही वाहनाच्या कारखान्यात प्रथम जाणवली असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनरॅड बार नावाचा गृहस्थ नोकरीस होता. जमिनीखालच्या मोठ्या नळांचे तुकडे कडेच्या चकत्यांनी जोडलेले असत आणि त्या चकत्यांभोवती वर्तुळाकार बोल्टची ओळ असे. त्याला असे आढळे की, एकाच जोडावरचे काही बोल्ट अती घट्ट, तर काही सैल आहेत. एका बाजूने दाबलेली आणि दुसऱ्या बाजूने मोकळी राहिलेली चकती पाणी कसे धरणार? दोष कुणा एकाच्या आळसाचा नव्हता. प्रत्येक मनगट वेगळे आणि सकाळचे मनगट संध्याकाळी पुन्हा निराळे, हे त्याचे कारण होते. यावर उपाय म्हणून ठराविक पिळानंतर पुढे न जाणारे साधन आपण १९१८ मध्येच तयार केले होते, असा बारचा दावा होता. पेटंटांच्या दप्तरात मात्र आधी नाव येते ते जॉन एच. शार्प याचे. पीळ मोजणाऱ्या पान्यासाठी त्याने १९३१ मध्ये अर्ज केला होता. बार आणि त्याचा भागीदार, अभियंता जॉर्ज फेफर्ल, यांनी १९३५ मध्ये आपल्या सुधारित पान्यासाठी अर्ज केला व १९३७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. हव्या त्या पिळावर तो बसवता येई आणि ते माप गाठताच आवाजाने सूचना देई.

या दोन कल्पनांतून आजच्या पान्यांची दोन मुख्य घराणी उभी राहिली आहेत. पहिल्या घराण्यात एक दांडा जोर लावताच किंचित वाकतो आणि त्याच्या शेजारचा बारीक काटा सरळच राहतो. दोघांमधले अंतर पट्टीवर वाचावयाचे. हूकच्या नियमाचे याहून उघड दर्शन क्वचितच घडेल. दुसऱ्या घराण्यात मुठीत दडलेली स्प्रिंग आधी ठरवलेल्या आकड्यापर्यंत दाबून ठेवलेली असते. तेवढा पीळ झाला की आतला ठोकळा घसरतो आणि ‘खट्’ असा आवाज होतो, हाताला हलका झटका जाणवतो. पुढे तबकडीचे व अंक दाखवणारे विद्युत पानेही आले.

मोटारीच्या इंजिनाने या साधनाला घरोघर नेण्याची वाट मोकळी केली. इंजिनाचे डोके अनेक बोल्टांनी खालच्या भागावर बसवतात व त्यांमध्ये पातळ गॅस्केट असते. बोल्ट असमान आवळले गेले की ते डोके वाकते, गॅस्केट एका बाजूने सुटते, आणि इंजिनातील वायू व पाणी परस्परांच्या वाटेला जातात. म्हणून कारखान्यांनी आपल्या पुस्तिकांत आकडे छापण्यास प्रारंभ केला : अमुक बोल्ट अमुक क्रमाने, मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, अमुक पिळापर्यंत.

भारतात हे आकडे वेगवेगळ्या मापांच्या पोशाखात आले. उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. ती ब्रिटिश मॉरिसची वंशज. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट इटालियन घराण्यातली. तिची नंतरची पद्मिनी टॅक्सीच्या रूपाने २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. एकीची परंपरा इंचांची, दुसरीची मिलिमीटरांची. भारतात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. तरी गॅरेजच्या पेटीत दोन्ही घराण्यांचे पाने पुढे कित्येक वर्षे शेजारी नांदले. पीळही कुठे फूट-पौंडात, कुठे किलोग्रॅम-मीटरमध्ये, तर नव्या पुस्तिकांत न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असे. एक फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर, आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. फूट-पौंडात लिहिलेला ८० हा आकडा न्यूटन-मीटरच्या पट्टीवर तसाच लावला, तर नटाला हव्या त्या पिळाच्या चार भागांपैकी एक भागाहून अधिक कमीच मिळतो. म्हणून आकड्याआधी त्याचे एकक वाचावे, हा या पान्याचा पहिला पाठ होय.

गॅरेजमधले वयोवृद्ध मिस्त्री या पान्यावाचूनही कामे निभावत आले, ही गोष्ट खरी आहे. हजारो बोल्ट आवळलेल्या हाताला एक स्मरण असते. बोल्ट ताणू लागला की त्याची सूक्ष्म जाणीव त्या हाताला होते. त्या कौशल्याचा मान राखूनही हे सांगितले पाहिजे की, यंत्रशास्त्राच्या संदर्भग्रंथांत हाताच्या अंदाजाने आवळलेल्या बोल्टच्या ताणात सुमारे ३५ टक्के इकडे-तिकडे फरक धरतात. मग वर्षातून दोनदा-तीनदा चाक बदलणाऱ्या, एखादा स्पार्क प्लग काढणाऱ्या किंवा घरीच ऑइल बदलणाऱ्या मोटारमालकाची गोष्ट काय सांगावी! त्याच्या हाताला स्मरण नाही, सराव नाही. रोज काम करणाऱ्यापेक्षा क्वचित काम करणाऱ्यालाच या पान्याची निकड अधिक आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. अंदाजपंचे काम करण्याचा अधिकार मिस्त्रीने आयुष्य वेचून कमावलेला असतो. हौशी माणसाजवळ तो नसतो.

अशा माणसाने पाना निवडताना प्रथम कामाचा विचार करावा. चाकांच्या नटांसाठी अनेक लहान मोटारींत ८० ते १२० न्यूटन-मीटर इतका पीळ सांगितलेला असतो. त्यासाठी अर्ध्या इंची चौकोनी खुंटाचा, सुमारे ४० ते २०० न्यूटन-मीटरचा पाना सोयीचा पडतो. स्पार्क प्लगला याच्या चौथाईनेच पीळ लागतो. तेथे लहान पल्ल्याचा दुसरा पाना हवा. कोणताही पाना आपल्या पट्टीच्या अगदी खालच्या टोकाशी विश्वासाचा नसतो. सोनाराच्या काट्यावर धान्याचे पोते आणि वखारीच्या काट्यावर गुंजभर सोने कोणी तोलत नाही, तसेच हे आहे. दांडा वाकणारा साधा पाना स्वस्त, सुटसुटीत आणि दीर्घायुषी असतो; मात्र त्याची पट्टी समोरून वाचता आली पाहिजे. आवाज देणारा पाना अडचणीच्या जागी उपयोगी पडतो, पण त्याची निगा राखावी लागते. काम संपल्यावर त्याची स्प्रिंग पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. ताणलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली तर तिचे माप ढळते. हा पाना जमिनीवर आपटू नये आणि त्याने गंजलेले नट सोडवू नयेत. सोडवण्यासाठी साधा पाना आहे. हे तर मोजण्याचे साधन आहे.

वापरण्याची रीतही सोपी आहे, पण ती रीत आहे. चाक बसवताना नट आधी बोटांनी फिरवून आटे नीट लागल्याची खात्री करावी. मग एकामागून एक शेजारचा न घेता समोरासमोरचे नट आवळावेत, म्हणजे चाक सर्व बाजूंनी सारखे बसते. जॅक थोडा उतरवून चाक जमिनीला टेकवावे आणि मग मूठ मधोमध धरून संथपणे ओढावे. खट् असा आवाज आला की थांबावे. खात्रीसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा खट् करणे म्हणजे मापाला पुन्हा अंदाजाची जोड देणे होय. पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

एवढे करूनही एक मर्यादा उरते, आणि या पान्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा धडा तिच्यातच आहे. पाना मोजतो तो पीळ. जोडाला हवा असतो तो ताण. दिलेल्या पिळाचा साधारण एक-दशांश भागच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. उरलेला नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्ची पडतो. त्यामुळे आट्यांना गंज असेल, तर पाना पूर्ण आकडा दाखवतो आणि ताण मात्र अपुरा राहतो. उलट पुस्तिकेत कोरडे आटे अभिप्रेत असताना कोणी हौसेने तेल लावले, तर वर सांगितलेल्या बोल्टमध्ये त्याच १०० न्यूटन-मीटरला चारऐवजी सुमारे साडेपाच टनांचा ताण येऊ शकतो. सामान्य ८.८ दर्जाच्या तशा बोल्टची सुरक्षित मर्यादा पाच टनांच्या आसपास आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार चांगला पाना चार टक्क्यांपर्यंत अचूक असतो. तरीही त्याने आवळलेल्या बोल्टचा ताण २५ टक्क्यांनी मागेपुढे होतो, तो या घर्षणामुळे. म्हणूनच पुढच्या काळात इंजिनाच्या काही बोल्टांसाठी ठराविक पिळानंतर ठराविक अंश फिरवण्याची पद्धत आली.

दुसरी मर्यादा याहूनही गंभीर आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या एका प्रवासी विमानाची पुढची काच सुमारे १७,००० फूट उंचीवर निखळली आणि वैमानिक कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदम्प्टनला विमान उतरवले आणि आश्चर्य असे की तो वैमानिक वाचला. उड्डाणापूर्वी सुमारे २७ तासांआधी ती काच नव्याने बसवली होती. ९० बोल्टांपैकी ८४ नेमून दिलेल्या व्यासाहून बारीक होते आणि उरलेले सहा आखूड होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. बोल्ट बसवणाऱ्याच्या हाती पिळाची मर्यादा पाळणारे साधन होते. पण बोल्ट निवडताना त्याने जुना बोल्ट नव्याशेजारी धरून नुसत्या नजरेने मेळ घातला होता. आवळताना माप होते. निवडताना अंदाज होता. दारातून बाहेर घालवलेला अंदाज खिडकीतून आत आला.

मापाने मनगटाला निवृत्त केले, असे या इतिहासावरून कोणी समजू नये. ‘किती आवळावे’ एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर टॉर्क रेंच देतो. बोल्ट योग्य आहे का, आटे स्वच्छ आहेत का, आकडा कोणत्या एककातला आहे, हे प्रश्न विचारणे माणसाकडेच राहते. कॉनरॅड बारने निरनिराळ्या मनगटांमधला भेद मिटवू पाहिला. विवेकाची जागा घेण्याची अपेक्षा त्या पान्याकडून त्यानेही केली नव्हती. रस्त्याच्या कडेला चाक बसवणारा माणूस दांड्यावर पाय ठेवण्याऐवजी क्षणभर थांबून नटाचे आटे पुसतो, आकडा पाहतो आणि एका ‘खट्’वर समाधान मानतो, तेव्हा त्या चार-पाच नटांवर भरवसा ठेवून निघालेल्या माणसांचे ऋण त्याने फेडलेले असते.